एलोइसाबाईंची खाली घातलेली मान

अमेरिकेतल्या टूसॉनच्या लॉ कॉलेजात एलोइसा बारिएन्तोस परदेशातून आलेल्यांच्या हक्कांचा कायदा शिकवू लागल्या, तेव्हा वर्गात मोजकी टाळकी असायची. बाई सकाळी शिकवायच्या आणि दुपारी त्याच पोरांना घेऊन कोर्टात लढायच्या. हद्दपारीच्या दारातून त्यांनी कितीतरी बापांना घरी परत आणलं. नाताळात त्या घरांतून बाईंकडे तमालेंचे, मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्यांचे, एवढे डबे यायचे की वाटता वाटता बाई दमायच्या. दमायच्या, पण मिरवायच्याही!

यंदाही डबे आले. आणणारे मात्र बाईंच्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, "नायेली नाही का?"

नायेली उर्किदी ही त्यांचीच शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. बाईंनीच तिला घडवलं, आणि आता तीच त्यांच्या डोळ्यांत खुपत होती.

फाउस्तोच्या खटल्यात तर कहरच झाला. फाउस्तो बेकरीवाला, गूळ भरलेल्या कोयोता त्याच्यासारख्या कुणाला जमत नसत. त्याच्याकडे देशात राहायचे कागद नव्हते. आई, एल्विरा आजी, मात्र अमेरिकेची नागरिक. तो गेला तर तिचे अतोनात हाल होतील, एवढं पटवलं तरच तो राहणार होता. कोर्टात बाई उभ्या राहणार की विद्यार्थी, हे अशिलानं ठरवायचं, ही बाईंचीच पद्धत.

"राग मानू नका बाई, पण पोरगीच उभी राहू दे," फाउस्तो म्हणाला. "तुम्ही बोलायला लागलात की मला माझाच खटला कळत नाही."

"आणि ती माझ्याकडे जेवते तरी," आजीनं टोमणा मारला. "तुमचं आपलं कायम घड्याळाकडे लक्ष!"

बाई हसल्या. आतून नुसता जळफळाट.

विद्यार्थी उभा राहिला की बाई शेजारी गप्प बसत. तो अडला की त्यांच्याकडे बघे, आणि त्या चिठ्ठीवर एक शब्द लिहून सरकवत. आजी साक्षीला बसली होती, तेवढ्यात न्यायाधीशांनी विचारलं, "आईला सोबत नेता येईल की. डॉक्टर मेक्सिकोतही आहेतच ना?"

नायेली अडली. तिनं बाईंकडे बघितलं.

शब्द बाईंच्या पेन्सिलीच्या टोकाशी होता: मशीन. आजीचं डायलिसिस चालू होतं, आणि त्यांच्या डोंगरातल्या गावाच्या आसपास तसलं मशीनच नव्हतं. पण बाईंना वाटलं, पडू दे हिला तोंडावर. मग मी उठेन, मग कळेल सगळ्यांना. त्यांनी मान खाली घातली. समोर फाउस्तोनं टेबलाची कड घट्ट धरली होती, ती त्यांना दिसली. तरी मान वर झाली नाही.

नायेली आजीकडे वळली. "आजी, फाउस्तोला परत पाठवलं तर तुम्ही काय कराल?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न कोर्टात विचारायचा नाही, हे बाईंनी पोरांकडून घोकून घेतलं होतं.

"जाईन की त्याच्याबरोबर," आजी म्हणाली. "तिकडे रक्त धुवायचं मशीन नाही. थोडेच दिवस टिकेन. पण त्याच्या हातचं खाऊन मरेन, इथं एकटी बसून नाही."

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. फाउस्तो राहिला.

बाहेर नायेली बाईंच्या गळ्यात पडली. "बाई, मुद्दाम मान खाली घातलीत ना? आधी मी मनात शिव्याच दिल्या तुम्हाला. मग कळलं, विश्वास आहे म्हणून गप्प आहात."

"शिकवावं तर असं!" म्हणत आजीनं पिशवीतली पहिली कोयोता बाईंच्याच हातावर ठेवली.

"हो," बाई म्हणाल्या. कुणाबद्दल इतकं चांगलं मनात आणता येतं, यासाठीही त्यांना त्या पोरीचा हेवा वाटला.