बाबांना कळेल असा दोरा

मी मासे धरते. हे शाळेत पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा स्टाफरूममधल्या बायकांनी असं पाहिलं, जसं काही मी दारू पिते म्हणून सांगितलं! पाहोत बापड्या. अमरावतीत पंचवीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलंय, आता रविवारी कुठं बसायचं ते माझं मी ठरवीन. आणि ही खोड मला लावली ती माझ्या बाबांनीच. बडनेऱ्याला स्टेशनाबाहेर त्यांचा हारांचा ठेला होता. ठेला बंद ठेवला की आम्ही दोघं पहिल्या एसटीनं परतवाड्याच्या रस्त्यावर पूर्णेच्या पुलाशी उतरायचो आणि काठाकाठानं डोहापर्यंत चालत जायचो. काठीबिठी काही नाही. तंगूस, म्हणजे साधा पारदर्शक नायलॉनचा दोरा, बाबा सरळ तर्जनीवरून पाण्यात सोडायचे आणि डोळे मिटून बसायचे.

"मासा डोयानं नाई पाह्यचा माय," म्हणायचे, "बोटानं आयकायचा."

त्याच बोटांचं शुगरनं वाटोळं केलं. आधी मुंग्या यायच्या, मग बधिर झाली. दोरा ताणलाय की सैल आहे तेच बोटांना कळेना. मोगऱ्याचे देठ चिरडायचे, नाहीतर गाठ ढिली राहून फुलं गळायची. दोन वर्षांपूर्वी एका नवरदेवाचा हार त्यांच्या हातातच सुटला. लोक हसलेसुद्धा नाहीत, पण बाबा ठेल्यावरून उठले ते उठलेच. तेव्हापासून माझ्याकडे असतात, खिडकीशी बसतात. कढत चहाचा पेला तसाच हातात धरून ठेवतात, आणि मी ओरडले की म्हणतात, "मले कायचंच काई समजत नाई आता."

हे वाक्य मला चावायचं. दिवसातून चारदा ऐकलं की राग यायचा, आणि रागावले की माझं मलाच रडू यायचं. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, मासा लागलेला त्यांचा त्यांना कळावा, मी न सांगता. बस.

म्हणून मी दोऱ्याच्या मागे लागले. एका लग्नाला अकोल्याला गेले होते, तेव्हा तिथल्या जाळ्यांच्या दुकानात शिरले.

"म्याडम, मिस्टरसाठी पायजे का?" दुकानदार म्हणाला.

"मिस्टरांना पोहताही येत नाही. माझ्यासाठी. म्हणजे, बाबांसाठी."

माझ्या आवाजानं तो जरा सरळ बसला. त्यानं तीन रिळं समोर मांडली. पहिलं तंगूस. ते रबरासारखं थोडं ताणतं, त्यामुळं माशाचा झटका दोराच खाऊन टाकतो, हातापर्यंत निम्माच पोचतो. दुसरा विणलेला दोरा, बारीक तंतूंची घट्ट वेणी घातलेला. तो ताणतच नाही. पाण्यात माशानं नुसतं तोंड लावलं तरी हाताला टकटक होते. तिसऱ्यात तेच तंतू, पण वेणी न घालता शेजारी शेजारी ठेवून तापवून एकजीव केलेले. त्याला तो 'फ्यूज' म्हणत होता. जरा ताठ, गुळगुळीत, वाऱ्यानं गुंतत नाही, पण वापरून वापरून वरचा पांढरा थर सोलपटतो.

"वेणीवाला घ्या," तो म्हणाला. "मुर्द्याच्याबी हाताले समजते."

मला आणखी काय पाहिजे होतं? तरी तिन्ही घेतले. माझा स्वभावच तसा आहे, भाजीसुद्धा तीन ठिकाणी पाहिल्याशिवाय घेत नाही.

घरी रीळ भरताना बाबांनी दोरे तपासले ते त्यांच्या पद्धतीनं. हार करणाऱ्याचं एक टोक कायम दातात असतं. कात्री शोधत बसायला वेळ कुणाला? तंगूस कट्‌कन तुटलं. विणलेला काही तुटेना. त्यांनी जोर केला आणि खालची कवळीच हलली.

"हा दोरा हाय का तार हाय बाप्पा?" ते चिडले. मी पोट धरून हसले. दोन वर्षांत ते असे चिडले नव्हते, म्हणून जास्तच हसले.

पहिल्या रविवारी तंगूस नेलं, सवयीचं म्हणून. आता काठी होती, छोटी, हलकी. तासाभरात काठीचं टोक दोनदा खाली वाकलं. बाबा समोरच्या काठावरच्या म्हशी पाहत होते.

"बाबा! लागला! ओढा ना!"

त्यांनी ओढलं तोवर गळ रिकामा. त्यांनी काठी माझ्या मांडीवर ठेवली. "तूच धर मंग. तुले दिसते, तुले समजते. मी काहून बसून राहिलो इथं?"

पुढच्या रविवारी विणलेला. आणि इथं मी गाढवपणा केला, सरळ सांगते. बाबा काठी धरून बसले, पण पन्नास वर्षांचं हाताचं वळण जातंय कुठं? मी डब्यातलं कणकेचं आमिष मळत होते, तेवढ्यात त्यांनी काठीपुढचा दोरा तर्जनीवर घेतला आणि एक वेढाही दिला, हार बांधताना देतात तसा. माशानं हिसका दिला. मासा गेला. बाबा नुसतेच पाण्याकडे पाहत राहिले. मग मला त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर लाल डाग दिसला, त्याच्या शेजारी दुसरा. बोट चांगलं कापलं होतं आणि त्यांना पत्ताच नव्हता!

"अहो बाबा, रक्त येतंय!"

"कोनाचं?" त्यांनी विचारलं.

विज्ञानाची बाई म्हणवते, आणि एवढं सुचू नये? जो दोरा माशाची टकटक बधिर हातापर्यंत पोचवण्याइतका कडक, तोच दोरा बधिर हात करवतीसारखा कापणार आणि हाताला कळणारही नाही. डॉक्टरांनी मलम-पट्टी केली आणि मला शाळेतल्या पोरीसारखं झापलं. शुगरवाल्याची जखम म्हणजे खेळ आहे का म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. विणलेलं रीळ कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं आणि ठरवलं, झालं एवढं पुरे.

जखम भरायला महिना लागला. एका शनिवारी बाबाच म्हणाले, "थो तिसरा दोरा कायले आनला मंग?"

"लोणचं घालायला."

"मंग घालू ना उद्या."

मी त्यांच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळली, पाण्यात सोडलेल्या दोऱ्याला हात लावायचा नाही अशी शपथ घातली, आणि नेलं. सकाळचं ऊन डोहावर आलं होतं. पाण्यात सोडण्याआधी बाबांनी तो ताठ दोरा वाकवून पाहिला. "केळीच्या सोपासारखा हाय," म्हणाले. हार करायला पूर्वी केळीचं वाळलं सोपट फाडून त्याचाच दोरा करायचे, त्याची आठवण. मग बराच वेळ काहीच नाही. त्यांचा चेहरा पुन्हा खिडकीशी असतो तसा व्हायला लागला. मी पाण्याकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत होते.

आणि त्यांनी काठी वर घेतली, दोरा तोंडाशी आणला, आणि खालच्या ओठावर नुसता टेकवला. ठेल्यावर टोक धरायचे तसा, पण दात न लावता.

"बाबा, ओठ कापेल!"

त्यांनी हातानं मला गप्प केलं. डोळे मिटले. काठीचं टोक जरासुद्धा हललं नव्हतं. मी शपथेवर सांगते, हललं नव्हतं.

"आला," बाबा हळूच म्हणाले. ओठावरून दोरा काढला, अजून एक क्षण थांबले, आणि झटका दिला.

काठी वाकली. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "हात लाऊ नोको!" आणि असं खेकसले, की पलीकडच्या काठावरची बाई धुणं थांबवून पाहायला लागली. मरळ निघाली, वीतभरापेक्षा थोडी मोठी. दुसऱ्या कुणी तिच्याकडे पाहिलंही नसतं. बाबांनी तिला दोन्ही हातांत धरलं आणि हसले, कवळीसकट. मला इतका आनंद झाला, की मी माझ्या बापाला त्या चिखलात मिठी मारली. "सोड वं, मासा पयन!" ते म्हणाले.

संध्याकाळी मी रस्सा करत होते. बाहेरच्या खोलीतून काहीच आवाज येईना, म्हणून डोकावले. बाबा जमिनीवर बसले होते. फाटकाशी हार विकायला येते त्या बाईकडून त्यांनी ओंजळभर मोगरा घेतला होता. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं आणि मधला दोरा ओठावर टेकवलेला. फुलं ठेवायचे, वेढा द्यायचे, आणि दोरा ताणला का ते ओठाला विचारायचे. दर गाठीला थांबायचे. माझ्या शाळेच्या दिवसांत असा गजरा ते बोलता बोलता, पाहतसुद्धा नसताना करायचे.

अर्धा तास लागला. गाठी लहानमोठ्या होत्या, एका ठिकाणी दोन फुलं उलटी बांधली गेली होती. मी मुकाट्यानं पाठ करून खाली बसले. त्यांनी माझ्या पांढऱ्या झालेल्या केसांत तो माळला, चाचपत, वेळ घेऊन.

"घट्ट बसला का माय?" त्यांनी विचारलं. "मले वाटते, बसला."