तात्यांचं शहाळं

आजारी पडून आमच्या तात्यांच्या शहाळ्यातून सुटलेला माणूस बारामती तालुक्यात मी तरी पाहिलेला नाही. तात्या म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, राहणार कोऱ्हाळे बुद्रुक. कुणाला ताप येवो की कुणाचा पाय मोडो, डॉक्टरच्या आधी तात्या हजर, हातातल्या पिशवीत शहाळी. "आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायचं न्हाय," हा त्यांचा धर्म. कऱ्हाटीचे एक आबा ट्रॅक्टरवरून पडून बेशुद्ध होते, तरी तात्या शहाळं धरून उशाशी बसून राहिले. "शुद्धीवर आल्या आल्या लागंल की!" आबा शुद्धीवर येईस्तोवर ते आंबलं. तात्यांनी दुसरं आणलं.

स्वतःच्या ताटात मात्र वेगळाच कारभार. कालवण जिभेला लागायच्या आत वरून मीठ. खर्ड्यावर मीठ, कलिंगडावर मीठ. रक्तदाबाची गोळी चक्कर आली तरच. मी गावोगाव मूत्रपिंडाच्या आजारावर पत्रकं वाटतो आणि त्यात गुळमुळीत लिहीत नाही: जादा मीठ रक्तदाब चढवतं, आणि चढलेला रक्तदाब मूत्रपिंडं आतून कुरतडतो, दुखल्याशिवाय. तात्यांना पत्रक दिलं, तर त्यांनी त्यात खारे दाणे बांधून घेतले. "कागद जाड हाय तुझा," म्हणाले.

मग मूत्रपिंडं गेली. बारामतीला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी मीठ तोडलं, पाणी मापात आणलं, आणि शहाळं साफ बंद केलं. निरोग्याला ते अमृत असेल. पण त्यातलं पोटॅशियम निकामी मूत्रपिंडाला बाहेर टाकता येत नाही. ते साचलं, की चालतं काळीज थांबू शकतं. हे मी पत्रकात ठळक छापलं आणि तात्यांच्या दारालाही चिकटवलं. त्याच दारातून माणसं शहाळी घेऊन आत येत होती. सगळा तालुका तात्यांचे उपकार फेडायला निघाला होता. वाचतं कोण? माझं डोकं फिरायचं.

एक दिवस कऱ्हाटीचे तेच आबा आले. स्वतः शहाळं फोडून त्यांनी पेला तात्यांच्या हातात दिला. "तुमी पाजलं तवा मी उठलो. आता माझं प्या." तात्यांनी पेला ओठाला नेला. मी ओरडलो, "तात्या, मराल!"

"आरं, ह्यो माणूस उन्हातनं आलाय. न्हाय कसं म्हनू?"

"न्हाय असंच म्हणायचं!"

आत्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती. तात्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग पेला आबांपुढं धरला. "आबा, माझ्या वाटचं तुमी प्या. मला पोचलं."

आबांना काय ते उमगलं. ते प्यायले, डोळे पुसत.

परवा इंदापूरचा त्यांचा एक जुना स्नेही डायलिसिसवर गेल्याचं कळलं. "गाडी काढ," तात्या म्हणाले. दवाखान्यासमोर शहाळेवाल्यानं ओळखीनं कोयता उचलला. तात्या थबकले, मान हलवली आणि आत गेले. खाटेशेजारी बसल्यावर हातांचं काय करावं ते त्यांना सुचेना. कधी मांडीवर ठेवत, कधी टोपी काढत. स्नेह्याची नजर सवयीनं पिशवी शोधत होती.

"आज काय आणलं न्हाय," तात्या म्हणाले आणि त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "नुसता बसाया आलोय."