स्वतःच्या अंगणातली बकरी

नियम माझाच होता, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं मी त्यात अडकले की तुम्हाला माझी कीव यायला नको.

कापसाची ती वाईट वर्षं. बोंडं किडायची, वाचलेल्या कापसाला भाव नसायचा, आणि आमचा यवतमाळ जिल्हा रोज वर्तमानपत्रात यायचा. वर्तमानपत्रात आलं की मदत येते. एका गावात तीन-तीन संस्था ब्लँकेटं वाटायच्या आणि शेजारच्या गावात कुणी फिरकायचं नाही. मग काही मोठ्या दात्यांनी ठरवलं, की प्रत्येकानं आपापलं ताट घेऊन धावण्यापेक्षा सगळ्यांचा पैसा एका हंड्यात टाकू. कुठल्या गावाला, कुठल्या संस्थेच्या हातून, काय वाढायचं ते एक समिती ठरवेल. गावजेवणासारखंच म्हणा, फक्त इथं प्रत्येक वाढप्याच्या मागं एक तपासनीस उभा. अर्धी मदत आधी, मग तपासणी, तपासणीत पास झालं तर उरलेली अर्धी, पुढं तिचीही तपासणी. वर मुदत. मुदतीत काम झालं नाही तर पैसा परत हंड्यात, आणि तिथून दुसऱ्याच जिल्ह्याच्या ताटात.

समितीचं ऑफिस लोहाऱ्याला, एमआयडीसीच्या अंगानं, भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथं तपासनीस म्हणजे मी. आमचं सगळं घराणं कचेऱ्यांत खर्डेघाशी केलेलं, त्यामुळं कागदावर आलं की ते खरं, ही समजूत दुधाबरोबर पोटात गेलेली. खादीची झोळी, कडक इस्त्रीची साडी आणि चष्मा. चष्म्याला नंबर फारसा नव्हता, पण त्याच्यावरून बघितल्याशिवाय तपासणी केल्यासारखं वाटायचं नाही.

केळापूरच्या पलीकडच्या एका गावात मजुरी करणाऱ्या बायांना बकऱ्या द्यायचं ठरलं. प्रत्येकीला एक. निम्म्या बायांना पहिल्या हप्त्यात, निम्म्यांना दुसऱ्या. बैठकीत कुणीतरी शंका काढली, की बकरी त्या बाईकडंच राहील कशावरून? सगळे छताकडं बघू लागले. मी म्हणाले, "सोपं आहे. बकरी त्या बाईच्या स्वतःच्या अंगणात बांधलेली दिसली पाहिजे. दुसऱ्याकडं सापडली तर ती गेली असं धरायचं, आणि दुसरा हप्ता बंद." अध्यक्षांनी मान डोलावली. वाक्य जसंच्या तसं नियमावलीत गेलं. घरी येऊन मी ते नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, छान आहे, भाजीत मीठ राहिलं.

पोळा होऊन गेल्यावर मी तपासणीला निघाले. मुद्दामच न कळवता. मला वाटे, यात फार हुशारी आहे. जीपचा ड्रायव्हर पुसदचा, वयानं मोठा. मी त्याला काका म्हणे, तो मला मॅडम म्हणे, आणि मनातून दोघंही वेगळंच काही म्हणत असू. आभाळ भरून होतं. गावाअलीकडचा नाला चाकाच्या निम्म्यापर्यंत होता, तो ओलांडून आम्ही गावात शिरलो.

पहिल्याच घरी अंगणात बकरी. पांढरी, एक कान फाटलेला, नुकतीच व्यालेली. घरची बाई धिप्पाड, हसऱ्या तोंडाची. मी टिपून घेतलं. चहा घ्या म्हणाली, घेतला. पुढच्या घरी बकरी. पांढरी, कान फाटलेला. तिथंही चहा. तिसऱ्या घरी जरा थांबावं लागलं, कारण घरची बाई म्हणाली, बकरी मागं बांधलीये, आणतो. आणली. पांढरी. कान फाटलेला.

आता तुम्ही काय कराल? मॅडमनी काय केलं ते सांगते. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं: "बकऱ्यांची निवड एकसारखी व उत्तम."

सगळी घरं झाली. मी खूश होऊन जीपकडं आले, तर काका म्हणाले, "नाला भरला, मॅडम. वरतं पडला वाट्टे पाऊस. सांजेपर्यंत काही निंगता येत नाही."

मी परत त्या पहिल्या बाईच्या ओसरीवर जाऊन बसले. तिचा चेहरा एवढासा झाला. तिची धाकटी जाऊ शेजारीच राहायची. तिला दुसऱ्या हप्त्यात बकरी मिळायची होती. तीही धावत आली. दोघी माझी फार काळजी करू लागल्या.

"बाई, तुमी नाल्यापाशीच जाऊन बसा ना. पानी उतरलं का लगेच निंगता येते."

"पावसात कशाला बसू?"

"मंग मारुतीच्या देवळात बसा," जाऊ म्हणाली. "तिकडं हवा चांगली हाये."

"इथं काय वाईट आहे?"

"इथं... मुंग्या हायेत."

मुंगी एक दिसेना. मला भरून आलं, किती जपतात म्हणून. अंगणातली बकरी सारखी दाव्याला हिसके देत होती, ओरडत होती. कास तटतटलेली. गावाच्या टोकाकडून कुठूनतरी एक बारीक आवाज तिला उत्तर देत होता.

"हिचं पिल्लू कुठं आहे?" मी विचारलं.

थोरली दाव्याची गाठ बघायला उठली. मग जाऊ म्हणाली, "मामाच्या घरी गेलं."

दुपार सरेना. मला जाता येत नव्हतं, त्यांना मला घालवता येत नव्हतं. थोरली दर थोड्या वेळानं रस्त्याकडं बघे. मी बोलायला लागले की जाऊ माझ्या समोर येऊन बसे, पदर पसरून, रस्ता दिसू नये अशी. निंदणाचे दिवस, म्हणजे माझ्या तपासणीसाठी दोघींची त्या दिवसाची मजुरीही बुडाली होती. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

सांजेला घंट्या वाजल्या. रानातून बकऱ्यांचा कळप आला. काळ्या, तांबड्या, पांढऱ्या, एकीसारखी दुसरी नाही. मागं एक बुढी, हातात काठी, डोक्यावर पोतं पांघरलेली. मी कौतुकानं उभी राहिले, आता प्रत्येक बकरी आपापल्या घरी वळेल म्हणून. एकही वळली नाही. सगळ्या माझ्या समोरून, मी कागदावर हिरवी खूण केलेल्या सगळ्या अंगणांवरून, सरळ चालत गावाच्या टोकाला बुढीच्या कुडाच्या घरात शिरल्या. आमच्या फाटक्या कानाच्या बकरीनं एक हिसका दिला, खुंटा उपटला आणि दाव्यासकट त्यांच्या मागं पळाली.

थोरली माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आमी समद्या वावरात असतो, बाई," ती म्हणाली. "निंदाले, वेचाले. बकरी घरी बांधली तं तिले पाला कोन घालन? मोकळी सोडली तं लोकाची पऱ्हाटी खाते, मंग भांडनं. म्हनून बुढीकडं अर्धेलीनं देल्ल्या. एक पिल्लू माहं, एक तिचं. माह्या सासूच्या काळापासून असंच हाये. सकाळी बुढी कळप घिऊन गेली अन् मंग तुमी आल्या. ही एकच व्यालेली मांगं होती. तिलेच फिरवली घरोघरी."

"मग सांगितलं का नाही?"

"संस्थेवाल्यानं वाचून दाखवलं ना. दुसऱ्याकडं सापडली तं गेली म्हनून. कोनं लिवलं असन बाप्पा ते. त्याच्या घरी बकरी नसन."

"नसेल," मी म्हणाले.

जाऊ अजून तशीच बसलेली. आता झाकायला काही उरलं नव्हतं तरी पदर पसरलेलाच. "मंग आता माही बकरी गेली का, बाई?"

मी झोळीत कागद भरू लागले. पाणी उतरल्याचं काका सांगायला आले, ते बरं झालं. नाला ओलांडल्यावर ते म्हणाले, "ते बकरी घरामांगून नेऊन राह्यले होते. मले जीपमधून दिसत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी लिहून राह्यल्या होत्या."

'अंगणात दिसल्या' लिहिलं तर खोटं. 'दिसल्या नाहीत' लिहिलं तर त्या जावेची बकरी दुसऱ्या जिल्ह्यात. मी घडलं ते सगळं लिहिलं, आणि खाली लिहिलं की हा नियम बदलावा. समितीत ते वाचलं गेलं. फाटक्या कानाचा भाग आला तेव्हा सगळे हसले. अध्यक्ष सभ्य माणूस. म्हणाले, "बाई, नियम तुमचाच आहे." नियम बदलायचा तर साऱ्या दात्यांची संमती हवी. ती येईपर्यंत मुदत संपणार. बाहेर पडायला एकच वाट होती: फेरतपासणी. ती दुसऱ्या कुणीतरी करायची, माझा त्या गावाशी संबंध नको. मात्र तपासणीचा दिवस गावाला आधी कळवायचा. ते कळवायचं काम मी काकांना दिलं, आणि काकांनी ते फारच नीट केलं.

पुढचं मला नंतर कळलं. आदल्या सांजेलाच बायांनी बकऱ्या घरोघरी आणून बांधल्या. अनोळखी अंगणात एकीनंही पाल्याला तोंड लावलं नाही. गावभर नुसता आक्रोश. पुन्हा सगळ्यांची मजुरी बुडाली. बिचारी बुढी सकाळपासून बाभळीच्या डहाळ्या घेऊन या दारातून त्या दारात, एकेकीला हातानं भरवत. नव्या तपासनिसांनी लिहिलं: "बकऱ्यांच्या देखभालीसाठी गावाने स्वतंत्र बाई नेमली आहे. अनुकरणीय." दुसरा हप्ता सुटला. जीप नाल्यापार होताच दावी सुटली.

वर्षभरानं मी एसटीनं त्या गावाला गेले. झोळी घरी ठेवून, आणि सांजेच्या वेळेला. ओसरीवर दोघी जावा होत्या. कळप आला. त्यातली एक काळी बकरी धाकटीच्या दारी थांबली, तिच्या हातची भाकरी खाल्ली, तोंड पुसल्यासारखं तिच्या लुगड्याला घासलं आणि बुढीच्या घराकडं चालू लागली.

"पाह्यलं?" धाकटी म्हणाली. "खाते माह्या घरी अन् झोपाले तिकडं जाते. अगदी माह्या नवऱ्यावानी."

थोरलीनं मला चहा दिला. "तो नियम निंगाला का हो, बाई?"

"नाही. आहे अजून."

"मंग पुढच्या टायमाले?"

"पुढच्या वेळेलाही बांधा."

तिनं सुस्कारा सोडला. म्हणजे पुन्हा एक दिवस सगळ्यांनी घरी बसायचं, पुन्हा बुढीनं दारोदार फिरायचं, आणि पुन्हा कुणीतरी चष्म्यावरून बघून ते कागदावर घ्यायचं. माझ्या बशीत आणखी चहा ओतत ती म्हणाली, "कोनं लिवला ते तरी समजलं का?"

"शोध चालू आहे," मी म्हणाले, आणि बशी तोंडाला लावली.