आधी गावचं कॉलेज

आमच्याकडं लग्नपत्रिका वाटायची एक रीत आहे. पहिली पत्रिका गावच्या मारुतीपुढं, मग भावकीत, मग पाहुण्यारावळ्यांत. हा क्रम चुकला की माणसं वर्षानुवर्षं तोंड फिरवून बसतात. माझे वडील, म्हणजे अण्णा, या क्रमाचे पक्के जाणकार. कुणाकडं लग्न निघालं की आधी त्यांना बोलावणं येतं.

दहावीनंतर अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. आमचं गाव म्हणायला गाव. खरं तर शहराला चिकटलेली, अर्धी शेतं नि अर्धे प्लॉट अशी वस्ती. मला शहरातलं, गारखेड्याकडचं एक कॉलेज हवं होतं. विज्ञान प्रदर्शनाला गेले तेव्हा तिथल्या सूक्ष्मदर्शकातून कांद्याच्या पेशी पाहिल्या होत्या आणि त्या दिवशी डबा खायचंही विसरले होते.

सायबर कॅफेत अण्णा शेजारी बसले. पसंतीक्रम टाकायची वेळ आली तसे म्हणाले, "आधी गावचं टाक. मग तुला पाहिजे ते."

"पण मला तिथं जायचंच नाय."

"जा म्हनलं का कुणी? गावाला डावलून शहराचं वर टाकलेलं बरं दिसत नाय. कॉलेजच्या संस्थेची मानसं रोज समोर येतात आपल्या."

कॉम्प्युटर मार्क बघून सगळ्यांत चांगलं कॉलेज देतो, अशीच आम्हा दोघांची समजूत होती. मी गावचं वर टाकलं.

पहिल्याच यादीत ते लागलं. मी कॅफेवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "पहिल्या नंबरचं लागलं की घ्यावंच लागतं, ताई. नायतर पुढच्या फेऱ्या बंद. तुमचे मार्क तर शहरातल्यालाबी बसत होते."

अण्णा बाहेर गाडीवर थांबले होते. गावचंच लागलं म्हणून सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मार्क थोडे कमी पडले व्हय? जाऊ दे. रडू नको." खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्या हाताखाली ते जमलं नाही.

कॉलेजात जीवशास्त्राचे सर कधी येतात, कधी नाही. प्रयोगशाळेला बहुतेक वेळा कुलूपच असतं. मला अण्णांचा राग येतो, अगदी मनापासून येतो. ते मात्र भेटेल त्याला सांगत राहिले, "पोरगी हुशार हाय, थोडक्यात हुकलं तिचं." मी खाली मान घालून ऐकत राहिले.

यंदा शेजारच्या काकू आल्या. त्यांची मुलगी दहावी झाली, तिलाही शहरातच शिकायचंय. कॉलेजं कशी टाकायची, हे त्या अण्णांना विचारत होत्या.

"आधी गावचं टाका," अण्णा म्हणाले.

"नको काकू," माझ्या तोंडून निघून गेलं. "वरचं लागलं की तेच घ्यावं लागतं. माझं तसंच झालं."

अण्णा माझ्याकडं बघत राहिले.

"म्हंजे तुझे कमी नव्हते पडले?"

"नाय. बसत होते."

पोरीचे मार्क पुरेसे होते हे ऐकून बापाचा चेहरा असा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.