हिरव्या चौकटीतली झोप

आमच्या चकलांब्यात पाणी टँकरनं येतं, म्हणून मी टँकरवरच नोकरी धरली, असं मी सगळ्यांना सांगतो. गावातून समुद्रावर गेलेला पहिला माणूस मीच, त्यामुळं सुट्टीवर आलो की चहाच्या टपरीवर माझं आसन ठरलेलं. एका देवमाशानं आमचं बंद पडलेलं जहाज पाठीवर घेऊन बंदरात सोडलं आणि वर डिझेलचा एक थेंब मागितला नाही, हे मी तिथं इतक्या वेळा सांगितलंय की आता तो मासा मला नात्यातला वाटायला लागलाय. लोक चहा पाजतात, मी फेकतो. वडील तेवढे हसत नाहीत. ते निवृत्त मास्तर. रोज सकाळी पंचशील म्हणतात, आणि खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की आवाज चढवून माझ्या खोलीकडं बघतात.

जहाजावरचं खरं मात्र मी टपरीवर कधी सांगितलं नाही. ती थापच वाटली असती. मी तिथं थर्ड इंजिनियर, खलाशांच्या बोलीत 'तीनसाब'. गावाला वाटतं, साहेब डेकवर उभं राहून सूर्यास्त बघत असेल. गेल्या खेपेला मी सूर्य बघितला तो मोबाईलच्या वॉलपेपरवर. इंजिनाचे अलार्म खोलीत वाजतात, जेवणाच्या टेबलावर वाजतात, संडासात वाजतात. बांधणाऱ्यानं भोंगा आधी बसवला असणार आणि भांडं जागा उरली म्हणून. त्यात उपग्रहाचं इंटरनेट आलं. पूर्वी ऑफिस किनाऱ्यावर असायचं, आता ते सिलिंडरमध्येच येऊन बसलं. तिसऱ्या सिलिंडरचं तापमान दोन अंशांनी चढलं की माझ्या आधी तिकडं एसीत बसलेल्या माणसाला कळतं, आणि तो लगेच विचारतो, का चढलं? नेमकं तेव्हाच बायको व्हिडिओ कॉलवर गळका नळ दाखवते आणि भाऊ बांधावरचं भांडण थेट प्रक्षेपित करतो. जुने खलाशी सांगायचे, घरचं भांडण पत्रातून दोन महिन्यांनी पोचायचं, तोवर दोन्ही पार्ट्या एका पंगतीत जेवत असायच्या. त्या लोकांचा मला फार हेवा वाटतो.

नियम असा आहे, की चोवीस तासांत प्रत्येकाला दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे. ती रोज कॉम्प्युटरात भरायची. नियमाप्रमाणे भरली तर चौकट हिरवी होते, खरी भरली तर लाल. लाल झाली की ऑफिसातून विचारणा येते, झोप का झाली नाही याचा खुलासा द्या. तो खुलासा लिहायचा झोपेच्या वेळेत. म्हणून आमच्याकडं एक रिवाज पडलाय: ज्याचा हात लिहिता, त्यानं सगळ्यांची झोप भरायची. तो हात माझाच असणार. सात माणसांना मी रोज झोपवत होतो. एकाला दुपारची वामकुक्षी, एकाला रविवारचे दोन तास वरकड, बडा साबला, म्हणजे चीफ इंजिनियरला, तर सलग आठ तास. तेवढी झोप खरंच मिळाली असती तर जहाज नांगर टाकून घोरत पडलं असतं. बडा साब म्हणायचा, तुझ्यासारखा कारकून कुठल्या जहाजाला मिळाला नसेल. मी फुशारून जायचो.

आमचा ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारा, कोकणातला होता. माझ्याच वयाचा. पाइपाला कान लावून बिघाड सांगायचा. एकदा बंदर, टाक्यांची धुलाई आणि अलार्म असं सगळं एकाच्या बोकांडी एक आलं, आणि तो तीस तास उभा राहिला. मला माहीत आहे, कारण शेजारी मी उभा होतो. त्या दुपारी तेल गाळायचं यंत्र पुरतं थांबायच्या आत त्यानं झाकण उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली. इथं मला काही वाढवून सांगता येत नाही.

कॉम्प्युटरात त्या दिवशी त्याच्या नावापुढं दहा तास विश्रांती होती. पैकी सहा सलग. मीच भरलेली.

महिन्याभरानं मी सुट्टीवर होतो तेव्हा कंपनीच्या चौकशीचा व्हिडिओ कॉल आला. घरात रेंज नाही, म्हणून गच्चीवर गेलो. वडील तिथं पेपर वाचत बसले होते. चौकशीवाल्या बाईंनी आधी विचारलं, आज मनाला कसं वाटतंय, पडद्यावरच्या पाच चेहऱ्यांपैकी एक निवडा. मी हसरा निवडला. मग विचारलं, विश्रांतीच्या नोंदी बरोबर आहेत का? नाही म्हणालो असतो तर अपघाताचा दोष ऑइलरवरून उतरला असता, आणि जहाजावर काम करायचं माझं सर्टिफिकेट गेलं असतं.

"बरोबर आहेत," मी म्हणालो.

वडिलांना इंग्रजी कळतं. फोन बंद झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो मानूस झोपला व्हता का?"

"न्हाई."

"मग?"

"सर्टिफिकेट जातंय दादा. दोन लेकरं हायत मला."

"आजवर तू थापा मारल्या. त्यात कुनाचं काई गेलं न्हाई, म्हनून मी ऐकून घेतलं. आज तू खोटं बोललास."

पेपरची घडी घालून ते खाली गेले.

मी ऑइलरला फोन लावला. बोटांचं सोडून पाऊसपाण्याचं विचारलं. तोच म्हणाला, "तीनसाब, मी पण तेच सांगितलंय. दहा तास झोपलेलो म्हणून. वाद घातला नाहीस तर परत जहाजावर घेऊ, असं कंपनीवाले बोललेत."

मी म्हणालो, अजून वेळ आहे, मी पुन्हा कॉल करून खरं सांगतो.

"नको. आता तुम्ही खरं बोललात तर मी खोटा पडेन."

त्याला घेतलं नाही. मला घेतलं.

जॉइन व्हायच्या आधी मोबाईलवर सुरक्षेचं नवं प्रशिक्षण आलं. ते पूर्ण केल्याशिवाय नेमणुकीचं पत्र निघत नाही. गच्चीवर बसून मी ते लावलं. त्यात एक कार्टून ऑइलर होता. त्याच्या डाव्या हातात मोबाईल दाखवला होता, आणि मोबाईलकडं बघत हसत हसत तो झाकण उघडत होता. त्या दुपारी आमच्या माणसाचा मोबाईल खोलीतच होता. शेवटी प्रश्न: अपघाताचं कारण काय? सूचना न वाचणं, मोबाईलचा वापर, निष्काळजीपणा. वेगळं काही लिहायला जागा नव्हती. ठरल्या वेळेत उत्तर दिलं नाही तर सगळं परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. तीन वेळा मी उत्तर न देता बसून राहिलो, आणि तीन वेळा त्या हसऱ्या कार्टूननं पुन्हा झाकण उघडलं.

चौथ्या वेळी मी 'निष्काळजीपणा'वर बोट ठेवलं.