रिकाम्या खोलीचे सहा तुकडे

शहरातल्या सदर भागात ताराचंदशेठचं टॉकीजना सिनेमे पुरवायचं ऑफिस होतं. तिथल्या गोपिका हेडाऊशी भांडायला लोक कचरत, कारण भांडतानासुद्धा ती हातातली कात्री खाली ठेवत नसे.

गोपिका फिल्म चेकर होती. गावोगावच्या टॉकीजमधून फिरून आलेली प्रिंट पत्र्याच्या डब्यांतून तिच्या टेबलावर यायची. टेबलाच्या दोन टोकांना हाताने फिरवायच्या दोन चकत्या, मधे दुधी काच, काचेखाली बल्ब. डावीकडचं रीळ उजवीकडे गुंडाळताना ती पट्टीची कड चिमटीत धरून ठेवी. कड कुठे फाटली, कुठला जोड सुटायला आला, ते बोटाला आधी कळे आणि डोळ्याला मागाहून. फाटकं कापायचं, टोकं ब्लेडने खरवडायची, फिल्म चिकटवायच्या सिमेंटचा ब्रश फिरवायचा आणि दाबून धरायचं. शेवटी डब्यात चिठ्ठी टाकायची: रीळ अमुक, जोड इतके, गोपिका हेडाऊ. सतरा वर्षांत त्या चिठ्ठीला कोणी खोटं म्हटलेलं नव्हतं. तिच्यापाशी मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते ती पुरेपूर मिरवायची.

उमरेडच्या कोष्ट्याघरची ती मुलगी. बापाच्या मागावर तुटलेला धागा जोडणं हे तिचं लहानपणचं काम. कापड उतरलं की बाप त्यावरून तळहात फिरवी, आणि गाठ हाताला लागली तर तोच तळहात तिच्या पाठीत बसे. लग्न होऊन ती सक्करदऱ्याला आली. नवरा धोंडबा शेठच्या ऑफिसात डबे वाहायचा. तो तापाने गेला तेव्हा शेठने तिला पोस्टर चिकटवायला ठेवलं, आणि वर्षभरात ती टेबलावर जाऊन बसली. थिएटरात ती उभ्या जन्मात दोनदा गेली असेल. नायिका रडत असली तरी हिला दिसायचे ते दुसऱ्याने केलेले वाकडे जोड. म्हणून तिने तो नाद सोडला.

तिचं खरं वैर रुपरावशी. रुपराव सदरच्याच एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टरच्या मशीनवर ऑपरेटर होता. प्रिंट तुटली की तो डब्यावर खडूने लिहून पाठवी, "बाईच्या जॉइंटने मशीन अडली." ती त्याच डब्याच्या दुसऱ्या बाजूला लिहून परत करी, "मशीन पुसत जा." दोघं एकाच गल्लीत चहा प्यायचे, पण पाठीला पाठ लावून.

एकोणीसशे एकाहत्तरच्या फेब्रुवारीत शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या फिल्म मंडळाने मुंबईहून एक जपानी सिनेमा मागवला. वीसेक वर्षांपूर्वीचा, काळापांढरा, एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीवरून केलेला. रविवारी सकाळी रुपरावच्या टॉकीजमध्ये एकच खेळ, आणि सोमवारी संध्याकाळच्या गाडीने प्रिंट परत. अट एवढीच होती, की खेळाआधी आणि खेळानंतर प्रिंट तपासलेली हवी आणि डब्यात चेकरच्या नावाची चिठ्ठी हवी.

मंडळाच्या चिटणीस चारुलताबाई. कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. शनिवारी डबे घेऊन त्या स्वतः आल्या, पण टेबलाशी बसलेल्या गोपिकेशी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या त्या शेठशी.

"हिला जपायला सांगा. हा काही तुमचा मारामारीचा सिनेमा नाही. हिने कधी नीट सिनेमा तरी पाहिलाय का?"

"शेठजी," गोपिका मान वर न करता म्हणाली, "बाईले सांगा, नाडी पाह्यले पेशंटची भाषा यावी लागत नाही."

शेठ हसला. चारुलताबाई हसल्या नाहीत. सिनेमात काय आहे हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं आणि त्या निघून गेल्या. ते दोन मिनिटं सांगितलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

पाचव्या रिळात गोपिकेचं बोट थांबलं. एक म्हातारी बाई जमिनीवर बसलेली, नजर समोर. मग लगेच एक रिकामी खोली. चटई, चटईवर एक गादी, कोपऱ्यात कोणाच्या तरी फोटोपुढे उदबत्ती. माणूस नाही. पुन्हा म्हातारी. पुन्हा तीच रिकामी खोली. असं सहा वेळा. तिने पट्टीच्या कडेची आवाजाची रेघ पाहिली. बोलणं असलं की ती रेघ दातेरी असते. खोलीच्या तुकड्यांवर ती सरळसोट होती.

असे तुकडे तिने शेकड्यांनी पाहिले होते. जत्रेतल्या तंबूतले ऑपरेटर प्रिंट तुटून आखूड झाली की हाताला लागेल तो तुकडा मधे चिकटवून देत. कुठली भिंत, कुठला रस्ता, कुठलं झाड. माणूस नाही आणि रेघ सरळ, म्हणजे तुकडा भरतीचा. तो कापायचा, हा टेबलाचा कायदा. आणि या तुकड्यांच्या टोकांना कोणाचे तरी जुने जोडही होते. तिने सहाही तुकडे कापले, म्हातारीला म्हातारी जोडली आणि चिठ्ठी टाकली. कापलेलं मात्र ती कधी फेकत नसे. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळून, वर आकडा घालून, तिने बिस्किटाच्या डब्यात ठेवला.

रविवारी दुपारी बारा वाजता प्रिंट बांधायला ती ऑफिसात आली, तर जिन्यावर आधी रुपरावचे पाय वाजले. खांद्यावर डबे आणि तोंडावर सणासुदीचा आनंद.

"काय वं गोपिका, काय करून ठेवलं तू! लोक शिट्ट्या मारून राहिले होते थेटरात. पहिल्या रांगेत मोठेमोठे साहेब, अन् मागून पोट्टे वरडून राहिले, बुढी काहून रडते, बुढी काहून रडते!"

"मशीन पुसली होती का गा?"

"मशीनचं नाव नको घेऊ. तुहे सहा जॉइंट मोजले मी. सहा."

त्याच्यामागून चारुलताबाई आल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. खेळाआधी त्यांनी अर्धा तास भाषण केलं होतं. औषध पिऊन दिसेनासा झालेला शास्त्रज्ञ शेवटी आईच्या खोलीत येतो, तिच्यासमोर गादीवर बसतो, आणि आपल्याला दिसते फक्त रिकामी खोली. जगात या दृश्याला तोड नाही, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं. मग पडद्यावर आली ती नुसती म्हातारी, सहा झटके खात, कशाला ते न कळता रडणारी.

"शेठजी, हिने चोरलंय," त्या म्हणाल्या. "विकायला. त्या खोलीचे तुकडे कुठे आहेत, विचारा हिला."

"कापले मी," गोपिका म्हणाली. "त्यात माणूस नव्हता."

"माणूस नव्हता! माणूस दिसत नाही, हाच सिनेमा आहे!"

गोपिकेने बिस्किटाचा डबा पुढे केला. "एकही फेकला नाही. आकडे घालून ठेवले. पाहून घ्या."

चारुलताबाईंनी डबा हिसकावला आणि कागद फाडत एकेक तुकडा उजेडाला धरला. आहेत ना, खरे आहेत ना, ही नुसती घाई. सहा तुकडे टेबलावर आणि आकड्यांचे कागद पायाखाली. काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. सहाही पट्ट्यांवर तीच खोली, तीच चटई, तीच गादी.

"आता?" शेठने कपाळाला हात लावला. "मॅडम, तुम्हाला तर सिनेमा पाठ आहे. सांगा, पहिला कौनसा?"

चारुलताबाईंनी चष्मा काढला, घातला. एक पट्टी उचलली, ठेवली. दुसरी उचलली. "हा असावा पहिला," त्या म्हणाल्या. मग, "किंवा हा." मग तीही ठेवून दिली.

"टाका चिठ्ठ्या," रुपराव दारातून म्हणाला.

गोपिकेने बल्ब लावला. सहाही पट्ट्या काचेवर एकाखाली एक मांडल्या आणि भिंग डोळ्याला लावलं. काल तिने या खोलीत माणूस शोधला होता. आज ती माणूस सोडून बाकी सगळं पाहत होती. तिने तिसरी पट्टी उचलून वर ठेवली. शेवटची मधे घेतली. एक खाली सरकवली.

"कशावरून?" चारुलताबाईंनी विचारलं. तिला थेट विचारलेला त्यांचा तो पहिला प्रश्न.

गोपिकेने शेठकडे पाहिलं. "शेठजी, बाईले सांगा, कोपऱ्यात उदबत्ती जळून राहिली. ती काही मागं वाढत नाही. लांब ते आधी, आखूड ते मंग."

चारुलताबाईंनी भिंग मागितलं नाही आणि गोपिकेने दिलं नाही.

सहा तुकड्यांना दोन दोन टोकं, बारा जोड. आपले कालचे सहा जोड बोटाने हुडकून तिने उघडले आणि दिवस मावळायच्या आत तुकडे जागच्या जागी बसवले. प्रत्येक जोडाला पट्टीवरचं एक चित्र खर्ची पडतंच. ते तिने मनात धरून ठेवलं.

सोमवारी सकाळी पाचवं रीळ टॉकीजमध्ये चालवून पाहायचं ठरलं. चारुलताबाई रिकाम्या थिएटरात पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या. रुपराव मशीनपाशी उभा राहिला, आणि गोपिका त्याच्या शेजारच्या चौकोनी झरोक्याशी. जोड उसळला तर मशीन खडखडते. तो खडखडाट ऐकायला रुपराव कान टवकारून होता.

म्हातारी आली. मग खोली. एक जोड गेला. गोपिका सवयीने पडद्यावर जोड शोधत होती, म्हणून तिसऱ्या वेळी खोली आली तेव्हा ते तिला एकदम दिसलं. गादी दबलेली होती. पहिल्यांदा ती फुगीर होती, दुसऱ्यांदा कडेला जराशी खचली, आणि आता मधोमध खोलगट. कोणीतरी बसलं होतं. बसूनच राहिलं होतं. पाचव्या वेळी खळगा तसाच आणि उदबत्ती बोटभर. सहाव्या वेळी गादी हळूहळू वर आली आणि पूर्ण फुगली. मग म्हातारी रडली.

"गेले सगळे," रुपराव नाखुशीने म्हणाला. "एकही नाही उसळला."

सहाव्यापासून पुढचे जोड कधी गेले तेच गोपिकेला कळलं नव्हतं.

दुपारी शेठने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि कोरी चिठ्ठी पुढे सरकवली. चारुलताबाईंचं तक्रारपत्र तयार होतं, ते डब्याबरोबर मुंबईला जाणार होतं. "देख गोपिका. लिही, ऑपरेटरनं मशीनमध्ये फाडली, आम्ही दुरुस्त केली. मुंबईवाले पत्रापेक्षा चेकरची चिठ्ठी मानतात. रुपराव काही माझा माणूस नाही. चूक तुझ्या नावावर गेली, तर चांगलं दृश्य कापणारी बाई मी ठेवली म्हणून मला मुंबईची एकही प्रिंट मिळणार नाही. मग मला तुला ठेवता येत नाही. समजलं?"

समजलं होतं. बाहेर रुपराव डबे स्टेशनावर न्यायला उभा होता. सतरा वर्षं ज्याने खडूने तिचं नाव खराब केलं, त्याला बुडवायला एक ओळ पुरत होती. तिने पेन घेतलं. अक्षरं तिला सावकाश येत, म्हणून शेठला बराच वेळ वाटलं की ती त्याने सांगितलेलंच लिहितेय.

मग त्याने चिठ्ठी वाचली आणि टेबलावर आपटली. "उद्यापासून येऊ नको."

"नाही येत."

ती टेबलाशी गेली. भिंग ऑफिसचं होतं, ते ठेवलं. कात्री तिची स्वतःची होती, ती पदरात गुंडाळली. जिन्यात रुपरावने तिला अडवलं. केबिनचं दार लोटलेलंच होतं, त्याने सगळं ऐकलं होतं.

"माह्यं नाव काहून नाही लिह्यलं वं? उपकार करून राहिली का माह्यावर?"

"तुह्यावर?" गोपिका एक पायरी खाली उतरली आणि वळली. "माह्या हातचे बारा जॉइंट, एक उसळला नाही. अन् माहे सरळ काप तुह्या मशीनच्या नावावर लिहू? आधी सरळ कापायले शीक."

आणि ती सक्करदऱ्याच्या रस्त्याला लागली. रुपरावने डबे सायकलला बांधले. बांधण्याआधी त्याने पाचव्या रिळाचा डबा उघडून चिठ्ठी वाचली, इकडेतिकडे पाहिलं, आणि तक्रारीच्या पाकिटाखाली दबलेली ती चिठ्ठी वर काढून ठेवली.

"रीळ पाचवं. सहा तुकडे माझ्या चुकीने कापले. माझ्या हाताने परत जोडले. जोड बारा. चित्रं बारा कमी. गोपिका हेडाऊ."