आधी कोणाच्या पाया पडायचं

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट, आम्ही टेक्सासात, पोरगी पाच महिन्यांची, आणि मी रोज सकाळी घाबरतच उठायची, कारण यांची असिस्टंटशिप पुढच्या वर्षी मिळाली नाही तर तिघांनी परत जायचं, आणि घरी काय तोंड दाखवायचं! सही यांच्या गाइडची. गाइड इंग्रज, इतिहासाचे. म्हणून त्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली. शेजारच्या चिनी आजींनाही बोलावलं, त्या ऐंशीच्या, मी पुरण वाटताना पोरगी त्यांच्याच मांडीवर.

जेवता जेवता साहेब सुरू झाले, हे मला मराठीत सांगत होते. म्हणे, चीनशी लढाई झाली त्याच्या कितीतरी आधी इंग्रजांचा वकील चीनच्या बादशहाकडे गेला, तर तिथे हुकूम, जमिनीला डोकं टेकवा. इंग्रज कशाला टेकवतो? चिनी लोकच गर्विष्ठ, इंग्रजांना रानटी म्हणायचे, दारं लावून बसायचे, त्यांना सरळ करावंच लागलं म्हणे. आजींना इंग्रजी येत नव्हतं, त्या हसून मान हलवत होत्या. साहेब म्हणाले, बघा, एकेकटे भेटले की किती गोड असतात!

मी म्हटलं, "अहो, विचारा ना, विकायला काय नेलं होतं या इंग्रजांनी?"

"अफू. आपल्याकडचीच. गप्प बस."

"मग दारं लावणारच की! आपण नसती लावली?"

साहेबांनी विचारलं, काय म्हणतेय ही? हे म्हणाले, विचारतेय, आमटी वाढू का.

"थोडीच," साहेब म्हणाले.

निघताना यांनी मला खुणावलं, पाया पड. साहेब इंडियात राहिलेले, त्यांना सगळं ठाऊक, ते बूट जुळवून उभेच राहिले. पण आजी मोठ्या ना! मी सवयीनं आधी त्यांच्या पाया पडले. वळते तर साहेब लालबुंद, थँक यू म्हणून जिना उतरायलासुद्धा लागलेले.

हे डोकं धरून बसले. "तुला आजीच दिसल्या?"

"वयानं कोण मोठं?"

"वय काय घेऊन बसलीस, सही कोण करणार?"

सोमवारी मी पोरीला कडेवर घेऊन गेले साहेबांच्या ऑफिसात, "सॉरी सर" एवढंच घोकलेलं, तेही विसरले, आणि तिथेच गालिच्यावर वाकले. साहेब म्हणाले, नो नो, प्लीज, आम्हा लोकांत असलं चालत नाही. पण पाय काही मागे घेतले नाहीत. माझं डोकं टेकून झालं, मग सही केली.